नोटीस न देता

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, की बांधकाम बेकायदेशीर आहे हे डोळ्यांना दिसतंय, तर त्या माणसाचं म्हणणं ऐकायचं कशाला? तेव्हा वेळ संपली होती. आज तिथूनच सुरुवात करतो.

लंडनमध्ये १८५५ साली एक कायदा झाला. घराचा पाया घालण्याआधी सात दिवस स्थानिक बोर्डाला कळवायचं, म्हणजे सांडपाण्याची सोय बघता येईल. न कळवल्यास बोर्डाला घर पाडण्याचा अधिकार. वॉन्ड्सवर्थ भागात कूपर नावाच्या माणसाचं घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं होतं. आपण सूचना धाडली होती असं तो म्हणे. बोर्ड म्हणे, मिळालीच नाही. सात दिवस थांबलो नाही हे मात्र त्याने स्वतःच कबूल केलं होतं. बोर्डाने एके दिवशी उशिरा संध्याकाळी माणसं पाठवून घर जमीनदोस्त केलं. कूपर कोर्टात गेला आणि १८६३ साली जिंकला. नियम मोडणारा जिंकला, हे लक्षात घ्या!

पाडण्याआधी ऐकून घ्या, असं त्या कायद्यात कुठेही नव्हतं. न्यायाधीश बाइल्स म्हणाले, विधिमंडळाकडून जे राहून गेलं ते न्यायाने भरून काढायचं. त्यांनी १७२३ च्या एका निकालाचा दाखलाही दिला. केंब्रिज विद्यापीठाने बेंटली या मोठ्या पंडिताच्या पदव्या त्याला न ऐकताच काढून घेतल्या होत्या. (प्राध्यापकांची भांडणं तेव्हाही अशीच!) त्या निकालात म्हटलं होतं, की खुद्द देवानेही ॲडमला शिक्षा देण्याआधी, तू कुठे आहेस, ते फळ खाल्लंस का, असं विचारलं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे खटकतं. देव सर्वज्ञ. त्याला उत्तर ठाऊक होतं. मग विचारलं कशाला? बोर्डाला निदान काही कळलं तरी असतं. सूचना वाटेत गहाळ झाली असेल, पाडण्याऐवजी किरकोळ दुरुस्तीने भागलं असतं. देवाच्या बाबतीत हे कारण लागू होत नाही. तिथे विचारणं हे समोरच्याला माणूस म्हणून वागवण्यासाठीच उरतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ३१४ प्रमाणे रस्त्यावरची, फुटपाथवरची अतिक्रमणं आयुक्त 'नोटीस न देता' हटवू शकतात. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. अर्जदारांपैकी एकजण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. झोपडी पाडून त्याला कुटुंबासकट सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको आणि मुली तिकडे राहिल्या. हा कामासाठी परत आला, पुन्हा फुटपाथवर. जाणार कुठे?

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला. निकाल १० जुलै १९८५, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, हे त्यात ठरलं. 'नोटीस न देता' हटवू शकतात याचा अर्थ नोटीस देऊच नये असा नाही, हेही ठरलं. ऐकून घेण्याला स्वतःचं असं मूल्य आहे, परिणाम काहीही होवो, हे चंद्रचूडांनी फार स्वच्छ मांडलं. आणि फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो, हेही. तेही खरंच आहे. माझ्या वयाच्या माणसाला रस्त्यातून चालावं लागतं तेव्हा ते पटतं.

पण पुढे काय झालं बघा. आयुक्तांनी द्यायची सुनावणी आता आमच्यासमोरच झाली, तेव्हा पुन्हा आयुक्तांकडे पाठवायला नको, असं कोर्ट म्हणालं. मला हे पटलेलं नाही. कोर्टात वकील बोलले. प्रत्येक झोपडीपाशी जाऊन, बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे, हे कुणी विचारलं? तत्त्व मान्य करायचं आणि त्याच माणसाच्या बाबतीत ते वापरायचं नाही, याला काय म्हणावं?

१९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असं सांगितलं गेलं. बाकीच्यांना मुदत मिळाली ती पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५.

थोडं पाणी पितो. मग ताई, तुमचा पुढचा प्रश्न घेऊ.