पद्मिनीचे रबरी बुश

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट 1100 वर आधारित मोटार तयार होई आणि 1970 च्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिच्या मागच्या चाकांचा भार पोलादी पाट्यांवर असे, तर पुढची चाके आर्म व स्प्रिंग यांच्या जोडणीवर स्वतंत्रपणे हलत. या सांध्यांत बसवलेला बुश, म्हणजे धातूचे भाग एकमेकांवर घासू न देणारी व रस्त्याचे हादरे शोषणारी रबरी नळी, उष्णता, तेल आणि काळ यांमुळे कडक होऊन तडकतो. उत्पादन थांबल्यावर बदली बुश निवडणे हे जाणकारीचे काम ठरले, कारण मऊ रबर आराम देते पण लवकर झिजते, तर पॉलियुरेथेन हे कठीण कृत्रिम द्रव्य दीर्घकाळ टिकते, मात्र हादरे थेट सांगाड्यापर्यंत पोहोचवते. 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. तरीही जतन केलेल्या प्रत्येक गाडीत योग्य मापाचा बुश बसवणारे हात या शहराच्या कारागिरीचा मोलाचा वारसा जपत आहेत.