मोगलाईच्या सरहद्दीवरील खार

हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेमुळे परमुलखातील व्यापाऱ्यांच्या तोंडी ज्याचे नाव झाले आहे, ते भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई वऱ्हाडातील बुलढाण्याच्या हद्दीजवळ वसलेले आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले आणि अलीकडचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली राहिला, त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षे मोगलाईची, म्हणजे निजामी राज्याची, सरहद्द याच टापूतून गेली. निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत, आणि हद्द ओलांडणाऱ्या मालाला तिच्या अंमलदारांना तोंड द्यावे लागे.

या भागात घरोघरी मुरणारा मिरचीचा खार मुख्यतः ज्या दोन जिनसांनी सिद्ध होतो, त्यांपैकी एकही मूळची इथली नाही. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. मीठ समुद्रकाठचे, बंजाऱ्यांचे तांडे ते बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवीत, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून जालन्यावरून हैदराबादेकडे लोहमार्ग सुरू झाला तेव्हा ही वाहतूक आगगाडीकडे गेली. इतक्या लांबून आलेल्या त्या दोघांची गाठ बरणीत घालून देणाऱ्या गृहिणीचे नाव मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

तिची रीत पाहावी. मिरच्या धुऊन पंच्यावर पसरायच्या, पाण्याचा अंशही उरू द्यायचा नाही, उभी चीर देऊन मीठ, हळद व मोहरीची डाळ भरायची, लिंबू पिळायचे आणि बरणीला दादरा बांधून ठेवायची. दोन-तीन दिवसांत, लिंबाच्या रसाहून कितीतरी अधिक पाणी तळाशी साचते आणि कडक मिरची मऊ पडते.

हे पाणी मिरचीच्या पेशींतले. प्रत्येक पेशीभोवती एक अतिसूक्ष्म पटल असते. पाण्याला ते सहज वाट देते, मिठाला सहसा देत नाही. बाहेर मीठ दाट झाले, की आतले पाणी तिकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. फ्रान्समध्ये नोले याने १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यातून पाणी असे एकाच दिशेने जाताना पाहिले, आणि पुढे ह्यूगो द व्रीस याने वनस्पतीच्या पेशीतील द्रव्य मिठाच्या पाण्यात आक्रसून भिंतीपासून सुटताना अभ्यासले. पटल म्हणजे करोडगिरीचे नाकेच, परंतु ते जिवंत असेतोवरच चालते. पेशी मेली, की कोण आत जातो नि कोण बाहेर येतो याची विचारपूस संपते. मग मीठ, आंबट आणि हळद निर्वेध आत शिरतात. खार मुरायला दिवस लागतात ते याचसाठी, आणि घाई करणाऱ्याला चव मिळत नाही, हे सासूने सुनेला सांगितलेले अक्षरशः खरे आहे.

जिवंत पेशी नुसती दाटपणाच्या ओढीवर विसंबत नाही. प्राण्यांच्या पेशी शक्ती खर्चून सोडियम बाहेर काढीत असतात, आणि हे काम करणारे प्रथिन डेन्मार्कच्या येन्स स्को याने १९५७ साली दाखवून दिले. पुढे पीटर ॲग्रे याने १९९२ च्या सुमारास पटलातून केवळ पाणी जाऊ देणाऱ्या प्रथिनाची ओळख पटविली. मिरचीच्या मुळांतही अशी प्रथिने आहेत.

परासरणाचा हाच नियम शेतात अंगावर उलटतो. मुळाशी रासायनिक खताची मात्रा फाजील पडली, की मातीतले पाणी मुळांतल्या रसापेक्षा क्षारांनी दाट होते, ते मुळांत शिरेनासे होते, आणि ओल असूनही रोप माना टाकते. ज्या मिठाने बरणीतली मिरची टिकते, त्याच्याच जातीच्या क्षारांनी वाफ्यातली मिरची मरते. म्हणून मिरचीच्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे: खत देण्यापूर्वी मातीची परीक्षा करून घ्या, आणि घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारून खाराचे प्रमाण व मुदत लिहून ठेवा, त्या स्वतः लिहून ठेवणार नाहीत.