होडीचे वय, इंजिनाचे वय

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. जुन्या वस्तूंच्या शौकिनांत एक समज इतका रुळला आहे की तो समज आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. लाकडी होडी ज्या काळातली, त्याच काळातले आउटबोर्ड इंजिन तिच्या पिछाडीला लावावे; साल जुळले की जोडी जुळली. याला कारणे तीन देतात. जुने इंजिन ताकदीने बेताचे, म्हणून जुन्या लाकडाला सोसते. ते वजनाला हलके असते. आणि दोन्ही एका काळातली असल्याने इतिहासाशी इमान राहते.

शेवटचे कारण सर्वांत वजनदार वाटते, म्हणून आधी तेच घेतो. हा आग्रह मोटारींच्या जगातून आला. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, तेव्हा 50 वर्षांचे वय आणि मूळ रूप या दोन्ही अटी घातल्या. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मोटारीच्या बाबतीत हे रास्तच आहे. मोटार कारखान्यातून बाहेर पडते तीच मुळी इंजिन पोटात घेऊन. ते बदलले की गाडी निम्मी दुसरीच झाली.

कोकणातल्या जुन्या होडीला मात्र हा न्याय कसा लावणार? ती घडली वल्ह्यासाठी आणि शिडासाठी. मद्रासच्या मत्स्यखात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी 1920 च्या सुमारास भारतीय होड्यांच्या घडणीवर जो अभ्यास केला, त्यात रत्नागिरीकडच्या उलांडीच्या होडीची दखल आहे. खोड कोरून केलेला तळ, दोन्ही टोके निमुळती, तोल सावरायला एका बाजूला उलांडी. हिला इंजिन टांगायला सपाट पाठच नाही. ओले इव्हिनरुड यांनी मिलवॉकीत आपले आउटबोर्ड विक्रीला आणले 1909 मध्ये. म्हणून काय त्या साली कोकणात घडलेल्या होडीचे ते ‘मूळ’ इंजिन ठरते? दोघे एका वर्षी जन्मले एवढेच. आज त्यांची गाठ मारून देणे हे इतिहासाशी इमान नव्हे, न घडलेला इतिहास घडवणे आहे.

अपवाद मान्य करतो. अमेरिकेत ओहायोतल्या लायमन कंपनीने आउटबोर्डसाठीच लाकडी होड्या बांधल्या. पाठीची उंची, जाडी, तळाचा आकार सगळे त्या इंजिनांचा अंदाज घेऊन. तिथे काळ जुळवला की बाकीचे पुष्कळसे आपोआप जुळते. पण ते जुळते एकाने दुसऱ्याचा विचार केला म्हणून, साल एक म्हणून नव्हे. आमचे शौकीन नेमका हाच फरक विसरतात आणि तिकडची रीत इकडच्या होडीवर चढवतात.

सोनाळ्यात बसून होडीवर लिहितो म्हणून कोणी हसेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात होडी कोण बाळगतो! पण इंजिन आणि त्याने फिरवायची वस्तू यांचा मेळ कसा घालतात, हे विहिरीवर ऑइल इंजिन चालवणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. लिस्टर धाटणीचे सहा एचपीचे संथ इंजिन मिनिटाला 650 फेरे घेते आणि पंपाला 1450 च्या आसपास फेरे लागतात. म्हणून इंजिनाची पुली पंपाच्या पुलीच्या सव्वादोन पट घेराची लागते. पुली चुकली की इंजिन कितीही नामांकित असो, एक तर पाणी चढत नाही, नाही तर इंजिन दबून काळा धूर ओकते. इंजिन कोणत्या सालचे आणि पंप कोणत्या सालचा, हे विहिरीवर कोणी विचारत नाही.

होडीत पुलीचे काम पंखा आणि गिअर करतात. विल्यम फ्राउड यांनी 1870 च्या दशकात इंग्लंडात टाकीत नमुने ओढून लाटांचा जो विरोध अभ्यासला, त्यातून पुढे एक सोपा ठोकताळा रूढ झाला. पाणी कापत जाणाऱ्या होडीची पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि 1.34 ने गुणायचे. तो तिच्या वेगाचा नॉटमधला व्यवहारी पल्ला. 16 फुटांना हे साधारण 5.4 नॉट येते. त्यापुढे ताकद वाढवली तर वेग नावाला वाढतो, मोठी होते ती लाट.

आता अशा होडीला वेगवान होड्यांसाठी केलेले इंजिन लावा. पंखा मिनिटाला 2500 फेरे घेतो आणि त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर, आठ इंच आहे असे धरू. पंख्याचा हिशेबी वेग सोळा नॉटच्या वर जातो आणि होडी सव्वापाचावर अडून बसते. दोनतृतीयांश फेरे पाणी घुसळण्यात गेले. तोच पिच, पण घेर मोठा आणि फेरे 1000, असा पंखा असेल तर हिशेबी वेग येतो 6.6 नॉट आणि वाया जाते जेमतेम पाचवा हिस्सा. गाभ्याची गोष्ट एवढीच: जड, संथ होडीला मोठा पंखा आणि थोडे फेरे. जुन्या इंजिनांतली काही यात बसतात, काही साफ नापास होतात. इंग्लंडातल्या पूलच्या ब्रिटिश सीगल कंपनीचे 102 सीसीचे सेंच्युरी प्लस, पाच पात्यांच्या रुंद पंख्याचे, या कामासाठीच जणू काढलेले. त्याच काळातली शर्यतीची इंजिने मात्र बरोबर उलट स्वभावाची. साल सारखे, स्वभाव वेगळा. मग सालाने काय ठरले?

‘जुने म्हणजे हलके’ या कारणाला फार शब्द खर्चायला नकोत. इव्हिनरुडचे ते पहिले इंजिन दीड एचपीचे आणि 62 पौंडांचे, म्हणजे 28 किलो. आजचे अडीच एचपीचे फोर-स्ट्रोक त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते.

‘जुने म्हणजे लाकडाला सोसणारे’ हे जास्त फसवे आहे, कारण त्यात अर्धे खरे आहे. टनामागे तीन-चार एचपी धरली तरी आपल्या लहान होडीला अडीच-तीनच्या वर काही लागत नाही, आणि जुनी लहान इंजिने एवढीच देतात. पण जुन्या लाकडाला मारते ते ताकदीपेक्षा थरथरणे. एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक मंद फिरू लागले की पकडीपासून फळीपर्यंत सगळे हादरते. सांध्यात ठासलेला कापूस आधी सैल होतो, मग खिळ्यांची भोके पडतात लांबट. 1922 च्या जॉन्सनमध्ये दोन सिलिंडर समोरासमोर होते, दट्टे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जात, त्यामुळे हादरा बराच खाऊन टाकला जाई. तेही जुनेच. म्हणजे इथेही पाहायचे ते सिलिंडरांची मांडणी.

निमुळत्या पिछाडीची अडचण तर वेगळीच आहे. तिथे होडीला पाण्याचा आधारच कमी. मागे इंजिन टांगून जोर लावला की पिछाडी बसते, नाळ आभाळाकडे जाते आणि होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. म्हणून मागे टांगण्याऐवजी आडव्या दांड्यावर, बाजूला, शक्य तितके पुढे सरकवून इंजिन बसवणे बरे. दांडा मात्र कडेच्या एका फळीवर नव्हे, दोन्ही बाजूंच्या वांकांवर भार देणारा हवा. मग शाफ्टची लांबी पाहायची: पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर सगळा सांगाडा पाण्याला अडतो. पंधरा इंची शाफ्टचे दुर्मीळ इंजिन उंच काठाच्या होडीवर चढवून नंतर काठच कापणारे महाभाग आहेत. इंजिन वाचवायला होडी कापायची, यालाच ते जतन म्हणतात.

इंधनाचे दुखणे पूर्वपक्षात कोणी काढतच नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरमधला तरंगा बुचाच्या लाकडाचा आणि त्यावर लाखेचे रोगण. इथेनॉल ते रोगण विरघळवते, बूच पेट्रोल पिऊन जड होते, तरंगायचे थांबते आणि कार्बोरेटर भरून वाहू लागतो. विरघळलेली लाख बारीक छिद्रांत जाऊन बसते ते निराळेच. लाकडी होडीच्या तळाशी साचलेले पेट्रोल म्हणजे काय, ते सांगायला नको.

आणि धूर. साधे टू-स्ट्रोक आपल्या इंधनाचा पाव हिस्सा न जळताच बाहेर टाकते. समुद्रात ते दिसत नाही एवढेच. आमच्या जवळचे मोठे पाणी म्हणजे वान नदीवरचे वारीचे धरण, हनुमान सागर. इकडच्या खारपाणपट्ट्यातली गावे वानच्या पाण्याकडे पिण्यासाठी डोळे लावून असतात. अशा पाण्यावर उद्या कोणी हौसेने जुनी होडी आणि जुने इंजिन उतरवले, तर दोघांची साले कितीही जुळोत, मी विरोधात उभा राहीन. तिथे विजेची मोटर लावावी. ती थोड्या फेऱ्यांत भरपूर जोर देते, हादरत नाही, आणि जड बॅटरी होडीच्या मधोमध तळाशी ठेवता येत असल्याने तोलही सावरते. ‘बॅटरी जुन्या होडीला शोभत नाही’ असे म्हणणाऱ्याने पेट्रोल तिला कधीपासून शोभू लागले ते आधी सांगावे.

शोभेसाठीच ज्याला जुन्या इंजिनाचा आवाज हवा आहे, त्याने ते पाण्याच्या पिंपात उभे करून चालवावे. मिस्त्री लोक तपासणीही तशीच करतात. पाणी खेचणारा भाग पुरता बुडालेला असू द्यावा, नाही तर थंड करणारे पाणी चढत नाही आणि सिलिंडर धरतो.