निपाणीची तंबाखू आणि गुणसूत्रांची ताटातूट

बेळगावच्या खडेबाजारात तंबाखू घेणारा तिची प्रत पाहतो. कूळ सहसा विचारीत नाही. निपाणी परिसराचे अर्थकारण दीर्घकाळ ज्या पिकावर उभे राहिले, त्याचे कूळ उलगडले ते अर्धसूत्री विभाजनाच्या अभ्यासातून.

तंबाखू मूळची दक्षिण अमेरिकेची. अकबराचा वकील असद बेग याने ती विजापुरात पाहिली व १६०४-०५ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली, असे त्याच्या फारसी आठवणींत नमूद आहे. बेळगावही तेव्हा आदिलशाहीतच होते.

तंबाखूच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात. परागकणात ती २४ व्हावी लागतात. पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत समजात गुणसूत्रे जोडीने बिलगतात व तुकड्यांची देवघेव करतात. मध्यावस्थेत या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात, आणि त्यानंतर जोडीदार विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जातात. प्रत्येक गुणसूत्राचे दोन धागे मात्र एकत्रच राहतात; त्यांची ताटातूट दुसऱ्या विभाजनात होते. फार्मर व मूर यांनी १९०५ मध्ये या क्रियेस दिलेल्या ‘मायोसिस’ या नावाचा ग्रीक अर्थ नुसता ‘घट’ असा आहे. मराठी संज्ञा त्याहून बोलकी म्हणावी लागेल.

वर्गात अवस्थांची नावे पाठ करून घेतली जातात. जोडीच जमली नाही तर काय, हे क्वचितच सांगितले जाते. कॅलिफोर्नियातील गुडस्पीड व क्लॉसेन यांनी नेमके हेच पाहिले. तंबाखूचा सिल्व्हेस्ट्रिस या रानटी जातीशी संकर केला असता ३६ पैकी २४ गुणसूत्रांच्या १२ जोड्या जमल्या, उरलेली १२ एकाकी राहिली. एकाकी गुणसूत्रे वाटेल त्या ध्रुवाकडे भरकटतात आणि परागकण बहुतांशी वांझ निघतात. टोमेन्टोसा गटाशी केलेल्या संकरातही चित्र तसेच होते. यावरून १९२८ मध्ये त्यांनी मांडले की तंबाखू ही या दोन घराण्यांच्या मीलनातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन जन्मली असावी. दुप्पट झाल्यामुळेच प्रत्येक गुणसूत्रास जोडीदार मिळाला व बी धरू लागले. दुसरे घराणे टोमेन्टोसिफॉर्मिस या जातीचे, हे पुढे स्पष्ट झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या वाचनानेही त्यास दुजोरा दिला.

त्याच दोघांनी १९२५ मध्ये ग्लुटिनोसा जाती व तंबाखू यांच्यापासून ७२ गुणसूत्रांचे सुपीक झाड मिळाल्याचे नोंदवले होते. ग्लुटिनोसाची मोझॅक रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती होम्सने १९३८ मध्ये तंबाखूत उतरवली, ती अशाच दुप्पट झालेल्या संकराच्या वाटेने.