वापरलेल्या मोटारीच्या मालकीचे हस्तांतरण (भारत)

वापरलेल्या मोटारीच्या मालकीचे हस्तांतरण म्हणजे एकाच्या नावे नोंदलेले वाहन विकत किंवा बक्षीस दिल्यानंतर परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ते दुसऱ्याच्या नावे नोंदवण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत हिला ‘गाडी नावावर करणे’ म्हणतात. भारतात ही प्रक्रिया मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार चालते. महाराष्ट्रात हे काम प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांकडे असून अर्ज केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावरून करता येतो.

विक्री आणि नोंदणी

मोटार ही जंगम मालमत्ता आहे. त्यामुळे माल विक्री अधिनियम, १९३० च्या दृष्टीने पैसे चुकते होऊन गाडी ताब्यात दिली की विक्री पूर्ण होऊ शकते. परिवहन कार्यालयातील नोंद ही त्या विक्रीची पूर्वअट नाही. मोटार वाहन अधिनियमाची दृष्टी मात्र वेगळी आहे. त्याच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो ‘मालक’. (अल्पवयीन व्यक्तीचे आणि कर्जकराराखालील वाहन यांना अपवाद आहे.) व्यवहार झाला पण नोंद बदलली नाही, अशा काळात गाडी एकाच्या दारात आणि मालकी दुसऱ्याच्या माथी, अशी स्थिती उद्भवते. या विषयातील बहुतेक तंटे याच अंतरातून जन्मतात.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा प्रश्न निकाली काढला. संबंधित मोटार मूळ मालकाने विकली होती व पुढे ती आणखी काही हातांतून गेली. परंतु २००९ मध्ये अपघात घडला तेव्हा नोंदणी मूळ मालकाच्याच नावे होती. अपघातग्रस्तांना नोंदणीतील मालक सोडून प्रत्यक्ष ताबेदारांची साखळी शोधत फिरावे लागू नये, असे सांगून न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी विकून मोकळे झालो असे मानणाऱ्या विक्रेत्यासाठी हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे.

मुदती

अधिनियमाच्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील हस्तांतरणाची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावयाची असते व तिची प्रत खरेदीदारालाही पाठवावयाची असते. वाहन राज्याबाहेर जाणार असल्यास विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत आहे. खरेदीदाराने आपल्या निवासस्थानाच्या क्षेत्रातील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे कर्तव्य दोघांवरही आहे. ‘पुढचा माणूस करून घेईल’ या भरवशाला कायद्यात आधार नाही.

कागदपत्रे

मुख्य अर्ज दोन आहेत. नमुना २९ ही विक्रेत्याने दिलेली हस्तांतरणाची सूचना, तर नमुना ३० हा हस्तांतरणाचा अर्ज असून त्यात विक्रेता व खरेदीदार या दोघांचेही भाग असतात. दलालांच्या भाषेत हे ‘टीटी फॉर्म’. त्यांच्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र (‘आरसी बुक’, आता बहुधा स्मार्ट कार्ड), चालू विमापत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (‘पीयूसी’), खरेदीदाराच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन क्रमांक किंवा त्याऐवजी नमुना ६० जोडतात. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसाही अनेक कार्यालयांत मागितला जातो. तो औपचारिक वाटला तरी निरुपयोगी नाही, कारण गाडीवरील क्रमांक आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक एकच आहेत हे त्यावरून पडताळता येते. खरेदीदाराने हा मेळ पैसे देण्यापूर्वीच घालून पाहणे श्रेयस्कर.

नमुना २९ व ३० वर विक्रेत्याची सही घेऊन खरेदीदाराचे नाव व दिनांक कोरे ठेवण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. दलालाला गाडी मधल्यामध्ये स्वतःच्या नावावर न करता पुढे विकता येते, ही तिच्यामागील सोय. मात्र ते कागद भरले जाईपर्यंत गाडीचे दंड, अपघात व गैरवापर यांचा मागोवा विक्रेत्याच्या नावापाशीच येऊन थांबतो. दिनांक व वेळ नमूद केलेली ताबा-पावती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि पूर्ण भरलेल्या अर्जांच्या प्रती विक्रेत्याजवळ असणे पुरावा म्हणून उपयोगी पडते; त्यांनी नोंदणीची जागा मात्र भरून निघत नाही.

कर्जबोजा

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचे नाव असते. यास ‘बोजा’ किंवा ‘एचपी’ म्हणतात. कर्ज फिटले म्हणून ही नोंद आपोआप निघतेच असे नाही. मालक व वित्तसंस्था या दोघांच्या सह्यांचा नमुना ३५ सादर करून बोजा उतरवून घ्यावा लागतो आणि त्यानंतर गाडी निर्वेधपणे नावावर होते. कित्येक मालक कर्जफेडीनंतर वर्षानुवर्षे हे काम करत नाहीत व गाडी विकण्याच्या वेळी धावपळ करतात. बोजा, नोंदणीची वैधता व विम्याची मुदत ‘परिवहन’ संकेतस्थळावर वाहन क्रमांकावरून पाहता येते. थकीत ई-चलनांची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

विमा

कलम १५७ नुसार वाहन हस्तांतरित झाल्यावर विमापत्रही नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते आणि त्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावयाचा असतो. येथे एक बारकावा आहे. हे आपोआप होणारे हस्तांतरण त्रयस्थ पक्षाच्या विम्यापुरते असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नव्या मालकाला हवी असेल, तर कंपनीने विमापत्र त्याच्या नावे करून देणे आवश्यक ठरते. ‘नो क्लेम बोनस’ गाडीला नव्हे तर विमाधारकाला मिळालेला असतो. त्यामुळे तो जुन्या मालकाकडेच राहतो व नव्या मालकाला फरकाची रक्कम भरावी लागते.

परराज्यातील वाहन

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालक बदलला तर क्रमांक बदलत नाही. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी पुण्यात विकली तरी एमएच-०९ च राहते. गोव्याची किंवा दिल्लीची गाडी महाराष्ट्रात आणायची असल्यास मूळ कार्यालयाचे कलम ४८ खालील ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. इतर राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ वाहन ठेवल्यास कलम ४७ नुसार तेथील नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. शिवाय नव्या राज्याचा मोटार वाहन कर भरावा लागतो. आधीच्या राज्यात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवण्यासाठी तेथे वेगळा अर्ज करावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल व १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर निर्बंध आल्यानंतर तेथील गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. त्यांची किंमत पाहताना कराची ही रक्कम अनेकांच्या हिशेबातून सुटते.

व्यापाऱ्यामार्फत विक्री

केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून वापरलेल्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची तरतूद केली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मालकाने गाडी प्राधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात देऊन नमुना २९सी द्वारे तसे कळवले की पुढील विक्रीपर्यंत तो व्यापारी ‘मानीव मालक’ ठरतो आणि त्या काळातील जबाबदारी त्याच्याकडे जाते. कोऱ्या सह्यांच्या पद्धतीला हा पहिला कायदेशीर पर्याय होय. व्यापाऱ्याजवळ प्राधिकारपत्र नसल्यास मात्र विक्रेत्याला या तरतुदीचे संरक्षण मिळत नाही.

मालकाचा मृत्यू

नोंदणीकृत मालकाचा मृत्यू झाल्यास वारसाने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती दिली, तर तो तीन महिने वाहन वापरू शकतो. याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करून वाहन स्वतःच्या नावे करून घ्यावे लागते. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवण्याची सोय आहे. मृत मालकाच्या नावावरील गाडी वारसाने थेट तिसऱ्याला विकू नये. ती आधी वारसाच्या नावे व नंतर खरेदीदाराच्या नावे करणे हाच क्रम आहे. शासकीय लिलावात घेतलेल्या वाहनासाठी नमुना ३२ वापरतात.