बेअरर टोकनची कुळकथा

स्क्रिप्टमधून एखाद्या सेवेकडे माहिती मागायची, तर हेडरमध्ये 'ऑथोरायझेशन: बेअरर' लिहून पुढे टोकन जोडायचे. या एका ओळीला आजचे रूप यायला सोळा वर्षे लागली.

मे १९९६मध्ये एचटीटीपी १.०चा दस्तऐवज, आरएफसी १९४५, प्रसिद्ध झाला. त्यातली 'बेसिक' पद्धत अशी: नाव आणि पासवर्ड कोलनने जोडायचे, बेस६४मध्ये लिहायचे आणि पाठवायचे. उदाहरणातला वापरकर्ता अलादीन, पासवर्ड मात्र अलिबाबाच्या गुहेचा. आपल्याकडचा 'तिळा तिळा दार उघड'. बेस६४ हे काही कुलूप नव्हे, ते कुणालाही क्षणात उलगडता येते.

पुढे वेगवेगळ्या सेवा एकमेकींशी जोडल्या जाऊ लागल्या आणि परकी अ‍ॅप्स थेट तुमचा पासवर्ड मागू लागली. तो दिला की सगळेच दिले. एका अ‍ॅपला थांबवायचे तर पासवर्ड बदलायचा, मग बाकीचीही बंद पडायची. यावर तोड शोधण्याची चर्चा नोव्हेंबर २००६मध्ये ट्विटरचे ब्लेन कुक आणि इतरांनी सुरू केली. डिसेंबर २००७मध्ये ओऑथ १.० तयार झाले. पासवर्ड मालकाकडेच राहिला. अ‍ॅपला मिळाले हवे तेव्हा रद्द करता येणारे टोकन.

पण त्यात प्रत्येक विनंतीवर सही लागे. पॅरामीटर क्रमाने लावा, वेळ आणि एकदाच वापरायचा आकडा घाला, त्यावर बहुधा एचमॅक-शा१ चालवा. एक अक्षर इकडचे तिकडे झाले, की उत्तर ४०१. छोटी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे फार जड होते.

ऑक्टोबर २०१२मध्ये ओऑथ २.०सोबत आरएफसी ६७५० आला आणि सही गेली. टोकन बेअरर चेकसारखे झाले: ज्याच्या हाती, त्याचे. वाटेतल्या चोरीपासून राखण्याचे काम टीएलएसकडे गेले. ओऑथ २.०चे प्रमुख संपादक एरन हॅमर यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये राजीनामा देऊन मसुद्यावरून आपले नाव काढले. सही वगळणे हाही त्यांचा एक आक्षेप होता. धोका त्यांनी नेमका ओळखला होता. तरीही मला ती तडजोड योग्य वाटते, कारण तिच्यामुळे कर्लच्या एका ओळीत सुरक्षित विनंती करणे सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आले.

गळती मात्र दुसरीकडूनच होऊ लागली: कोडमध्येच लिहिलेले टोकन रेपॉझिटरीत सार्वजनिक व्हायचे. म्हणून टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतात. २०२१मध्ये गिटहबने वैयक्तिक टोकनला 'जीएचपी' हा उपसर्ग आणि शेवटी चेकसम जोडला. उघड्यावर पडलेले टोकन आता यंत्राला ओळखता येते.