मान्रेसाचा उपवास

गेल्या प्रायश्चित्तकाळात एक माता आमच्याकडे आली. तिची महाविद्यालयात जाणारी कन्या उपवासाच्या नावाखाली रात्रीचे जेवण टाकीत होती आणि रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहून रडत होती. ‘फादर, उपवास करू नकोस असे मी कोणत्या तोंडाने सांगू?’ असा त्या माउलीचा प्रश्न होता. आम्हाला तेव्हा संत इग्नाती लोयोला आठवले.

मार्च १५२२ मध्ये माँटसेराट येथे पवित्र मातेच्या वेदीपाशी आपली तलवार ठेवून हे बास्क सरदार जवळच्या मान्रेसा गावी आले. तेथे ते भिक्षा मागून राहत. मांस खात नसत, कोणी दिले तरी मद्य घेत नसत; सवलत होती ती रविवारची. पुढे जुन्या पापांच्या शंकांनी त्यांचे मन पोखरले. वारंवार पापनिवेदन करूनही शांती लाभेना, तेव्हा देव सोडवणूक करीपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. रविवार ते रविवार, सबंध आठवडा पोटात काही गेले नाही. पापनिवेदनात ही गोष्ट कळताच धर्मगुरूंनी उपवास मोडण्याची आज्ञा केली. अंगात अजून बळ आहे असे वाटत असूनही इग्नातींनी ती पाळली.

याहून मोलाचा वाटतो तो नंतरचा प्रसंग. मांसत्याग चालूच होता. एके दिवशी सकाळी उठल्यावर खाण्यास तयार असे मांस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आधी त्याची वासना नव्हती; पण यापुढे मांस खावे, असा मनाचा ठाम कौल मिळाला. हा मोह तर नव्हे ना, हे पारखून पाहा, असे धर्मगुरूंनी सुचविले. पारखूनही इग्नातींना शंका उरली नाही. हे सारे त्यांनी स्वतःच उतारवयात फादर गोन्साल्विस द कामारा यांना सांगितले. अन्न टाकणे ही जशी देवाची इच्छा असू शकते, तशीच जेवणे हीही असू शकते!

पोटाचे दुखणे मात्र जन्मभर राहिले. सगळा दोष उपवासांचा नसावा, कारण १५५६ मध्ये त्यांच्या शवविच्छेदनात यकृतासह अनेक अवयवांत खडे आढळले.

‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या ग्रंथाला पोप पौल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात जेवणाविषयी आठ नियम आहेत. ते पापचिंतनाच्या पहिल्या आठवड्यात नाहीत. साधक प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे मनन करतो त्या तिसऱ्या आठवड्यात आहेत. पावाबाबत फारसा संयम नको, कारण त्याची हाव सहसा सुटत नाही. जपावे ते पेयांना आणि चमचमीत पदार्थांना. प्रभू येशू प्रेषितांसह कसा जेवतो, कसा बोलतो, हे जेवताना डोळ्यांपुढे आणावे. घाईने खाऊ नये; सारे मन ताटात बुडू देऊ नये. पुढच्या जेवणाचे माप भूक नसताना ठरवावे. लग्नाच्या पंगतीत बसणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना या शेवटच्या नियमाचे शहाणपण कोणी पटवून द्यायला नको.

हल्ली आहारतज्ज्ञही डाएटच्या तक्त्यांऐवजी सावकाश, लक्षपूर्वक जेवायला सांगतात. तेथे लक्ष असते घासाकडे. इग्नातींचे लक्ष असते पंगतीला बसलेल्या प्रभूकडे. हा फरक आम्हाला लहान वाटत नाही. पण आणखी एक सांगितले पाहिजे. मोह झाल्यास ठरल्याहूनही कमी खावे, असे त्याच नियमांत म्हटले आहे. भुकेने आधीच खंगलेल्या मुलीच्या हाती ते वाक्य देणे धोक्याचे आहे.

तिच्यासाठी आम्ही दुसरा कागद काढला. २० सप्टेंबर १५४८ रोजी इग्नातींनी गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना लिहिलेले ते पत्र. बोर्जा यांनी उपवासांनी शरीर कृश केले होते. उपवास आवरा, जे अन्न निषिद्ध नाही ते खा, पोटाला बळ द्या. आत्म्याप्रमाणे शरीरही निर्माणकर्त्याचे आहे आणि त्याचा हिशेब त्याला द्यायचा आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. मायलेकींना आम्ही प्रथम डॉक्टरांकडे धाडले. परत आल्यावर ते पत्र वाचून दाखविले. मुलीने विचारले, ‘मग बोर्जा जेवू लागले का?’ ते पुढे १५६५ मध्ये येशूसंघाचे प्रमुख झाले, एवढे आम्ही तिला सांगितले.